सतराव्या कप्प्यातली ओळ

१

तिसऱ्या मजल्यावरच्या बाकावर एक बाई बसली होती. तिच्या हातात दोन कागद होते. दोन्ही एकाच कार्यालयाचे, दोन्हींवर एकच शिक्का. पहिल्यावर लिहिलं होतं, ‘जुळणारे दाते : एक’. अकरा दिवसांनंतरच्या दुसऱ्यावर लिहिलं होतं, ‘जुळणारे दाते : शून्य’.

लिफ्ट बंद होती. मी तीन जिने चढून आले होते आणि माझे गुडघे बोलत होते. दम खायला मी तिच्या शेजारी टेकले आणि तिला वाटलं मी आतलीच कुणीतरी आहे.

“एक होता ना,” ती म्हणाली. “माणूस असा कागदावरून जातो का?”

तिचा नवरा गणिताचा मास्तर, वय चौतीस. रक्ताचा आजार. दुसऱ्या कुणाची बोन मॅरो मिळाली तर वाचण्याची आशा, आणि इथे अशा दात्यांची नोंद ठेवली जाते. साडेसहा लाख माणसांनी कधी ना कधी नाव दिलेलं. त्यांतलं एक मास्तरला जुळलं होतं. आता जुळत नव्हतं.

“मी तपासनीस आहे,” मी म्हटलं. “बघायलाच आलेय.”

ती नुसती बाजूला सरकली, माझी पिशवी ठेवायला.

माझ्या नोकरीला एकतीस वर्षं झाली. त्यातली पहिली नऊ ग्रंथालयांच्या पुस्तकमोजणीत गेली, उरलेली सरकारी दप्तरं उलथण्यात. हरवलेल्या फायली, जळलेली रजिस्टरं, भिजलेले गठ्ठे. लोक हरवल्याचं सांगतात तेव्हा तोंडावर एक ठराविक भाव आणतात. मला तो भाव बघायचा कंटाळा आलाय, खरं सांगायचं तर.

मोठ्या डॉक्टरीणबाई या नोंदणीच्या प्रमुख. त्यांच्या टेबलावर उद्घाटनाचा हार अजून होता, वाळून कागदासारखा झालेला.

“संगणकातल्या नोंदींच्या नव्या रचनेचं उद्घाटन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी हे,” त्या म्हणाल्या. “सगळे म्हणतायत, रचना बदलताना त्या दात्याची ओळ सांडली. पण आम्ही आधी मोजलं होतं, नंतरही मोजलं.” त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. आधी : ६,४८,२१३. नंतर : ६,४८,२१३.

“बदल चालू असताना नवी नावं आली असतील.”

“आली. ती दोन्हीकडे लिहिली जात होती. धरूनच मोजलंय.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “एकही ओळ गेलेली नाही, मॅडम. आणि माणूस सापडत नाही.”

२

डेटाबेस सांभाळणाऱ्याला सगळे तात्या म्हणत. निवृत्तीला सात महिने राहिलेले. खोलीत पंख्याची घरघर, भिंतीवर जुनं कॅलेंडर, आणि टेबलावर काचेखाली नातवाचा फोटो. मी खुर्ची ओढली तशी त्याने स्वतःची मागे घेतली.

“मी काही पुसलेलं नाही,” तो म्हणाला. मी काही विचारलंही नव्हतं.

“मला आधी समजावून सांगा. मला यातलं फार कळत नाही.”

हे खरं होतं, आणि उपयोगीही. समजावताना माणूस सैल होतो.

“एक मोठं टेबल समजा,” तात्या म्हणाला. “प्रत्येक दात्याची एक ओळ. एवढं मोठं टेबल सलग ठेवलं तर शोधताना जीव जातो. म्हणून त्याचे कप्पे करतात. आमचे कप्पे होते वर्षांचे. ज्या वर्षी नाव दिलं त्या वर्षीच्या कप्प्यात ओळ.”

“मग बिघडलं काय?”

“पेशंटला दाता शोधताना वर्ष कोण विचारतं? बघायचा असतो टिश्यूचा, म्हणजे पेशींचा, गट. म्हणजे प्रत्येक शोधाला सगळेच कप्पे उपसायचे. एकेक शोध चाळीस-चाळीस सेकंद. दिवसाला शेकडो शोध. म्हणून ठरलं, कप्पे गटांचे करायचे. ढोबळ चोवीस गट, चोवीस कप्पे. पेशंट सतराव्या गटाचा असेल तर मशीन फक्त सतरावा कप्पा उघडतं. बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नाही.”

“मास्तर कितव्या गटाचा?”

“सतराव्याच.”

“आणि बदललं कसं?”

“चोवीस सुटी टेबलं केली. प्रत्येकात एका गटाच्या ओळी भरल्या. मग एकेक सुटं टेबल नव्या मोठ्या टेबलाच्या कप्प्यात सरकवलं. दिवसाढवळ्या, काम चालू असताना. कुणाला पत्ताही लागला नाही.” हे सांगताना त्याचा आवाज जरा उजळला आणि लगेच विझला. “मी विरोध केला होता. आता म्हणतील, म्हाताऱ्याने मुद्दाम केलं.”

“जुनं टेबल कुठाय?”

“काढून टाकलं. मोजणी जुळली, बाईंना उद्घाटन होतं, जागा कमी पडत होती. मी म्हटलं होतं महिनाभर ठेवू.”

“दुसरी प्रत?”

“टेपवर आहे. गोदाम दुसऱ्या गावात. आणून, उलगडून वाचायला नऊ दिवस.”

तो हे सगळं माझ्याकडे न बघता सांगत होता. म्हणजे बघत होता, पण माझ्या कानाच्या जरा डावीकडे. मी विचारलं, “सरकवताना मशीन तपासत नाही का, की ओळ बरोबर कप्प्यात चाललीय?”

तात्याने काचेखालचा फोटो सरळ केला. तो सरळच होता.

“तपासतं,” तो म्हणाला. “सांगितलं तर.”



३

दात्यांना फोन करणाऱ्या समन्वयक बाई कोपऱ्यातल्या खोलीत बसत. सगळे त्यांना फोनवाल्या बाई म्हणत. वीस वर्षं परक्या माणसांना फोन करून ‘तुमची गरज आहे’ असं सांगणारा आवाज. मऊ, आणि वापरून वापरून झिजलेला.

“पहिला शोध मीच लावला होता,” त्या म्हणाल्या. “एक जुळला. रुग्णालयाला मी फक्त आकडा कळवते. दाता कोण, हे त्यांनी रीतसर मागणी केल्यावरच उघडायचं. मागणी आली तोवर नवी रचना सुरू झाली होती. शोध लावला, शून्य.”

“म्हणजे दाता कोण होता, तुम्ही पाहिलंच नाही?”

“नियम आहे. आणि वीस वर्षांत एक शिकलेय, आधी बघितलं की आशा लागते.”

“शून्य आल्यावर?”

“पुन्हा लावला. दुपारी पुन्हा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नोंदीत माझी सात वेळा हजेरी सापडेल तुम्हाला, म्हणून आधीच सांगते. तात्यानेही लावला. सगळ्यांना शून्य.”

सगळ्यांना. सगळे एकाच कप्प्यात बघत होते.

“कधीपर्यंत वेळ आहे?”

“गुरुवार. गुरुवारी डॉक्टर ठरवणार. दाता नसेल तर दुसरा उपचार, पण त्याचा भरवसा कमी. ती बाकावरची बाई रोज येते. मी तिला चहा देते. दुसरं काय देणार?”

तो मंगळवार होता. नऊ दिवसांची टेप आमच्या उपयोगाची नव्हती.

“ज्यांचा शोध चालू आहे अशा पेशंटांची माहिती आणखी कुणाकडे जाते?”

त्यांनी आठवून सांगितलं, “घड्याळबाईंना दहा शोध दिले होते. नव्या रचनेचा वेग मोजायला. खरे शोध हवेत म्हणाल्या, खोट्यांनी खरा वेग कळत नाही.”

“घड्याळबाई?”

“बाहेरून आणलेल्या इंजिनिअर. सगळं काम त्यांचंच. प्रत्येक गोष्ट सेकंदात मोजतात, म्हणून पोरांनी नाव ठेवलं. चिडत नाहीत. चांगल्या आहेत.”

नंबर त्यांच्या टेबलावर एका चिठ्ठीत होता. मी तिथूनच लावला. पलीकडून शांत, नेमका आवाज आला. तपासनीस म्हटल्यावर ती म्हणाली, “दोन वाजता येते. दोनला पाच कमी असतील.”

फोन ठेवते तोच ताईचा आला. आम्ही दोघी बहिणी एकत्र राहतो. तिला वाटतं मी अजून बारावीत आहे.

“गुडघ्याचा पट्टा घरीच राहिलाय,” ती म्हणाली. “जिने आहेत का तिकडे?”

“नाहीत,” मी म्हटलं.

४

ती दोनला पाच कमी असताना आली. छत्तीसेक वर्षांची, केस घट्ट बांधलेले, नखं अगदी बारीक कापलेली. माझ्यासमोर तिने एक जाड अहवाल ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

“तुमच्या कामात कधी डेटा गेलाय?” मी विचारलं.

“नाही. अकरा वर्षांत एक ओळ नाही.”

फुशारकी नव्हती त्यात. रक्तगट सांगावा तसं सांगितलं तिने.

“मग मास्तरचा दाता?”

“कदाचित आधीचा शोध चुकला असेल. जुन्या रचनेत घोळ होते.”

“कप्पे सरकवताना तपासणी बंद ठेवली होती का?”

“हो. लेखी परवानगीने. तपासणीला प्रत्येक कप्प्यामागे दीड-दोन तास, आणि तेवढा वेळ टेबल अडकून पडलं असतं. ओळी भरणारा प्रोग्राम मी स्वतः लिहिलाय. तो गट बघूनच ओळ टाकतो. पुन्हा तपासायची गरज नव्हती.”

“परवानगी कुणाची?”

“तात्यांची सही आहे.”

मी तात्याच्या खोलीत परत गेले. अहवालातलं ते पान त्याच्यापुढे धरलं. त्याने ते हातभर लांब नेलं, मग जवळ आणलं, मग ठेवून दिलं.

“दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,” तो म्हणाला. “ऑपरेशन केलं तर दीड महिना रजा. रजा घेतली की जागेवर दुसरा येईल आणि मग मला परत कोण बोलावणार? सात महिने तर राहिलेत. पडद्यावरचं मोठं करून वाचतो. कागदावरचं नाही दिसत.”

“म्हणजे न वाचता सही केलीत.”

“ती म्हणाली, वेळ वाचेल. पोरगी हुशार आहे, कधी चुकत नाही. केली सही.” त्याने पान माझ्याकडे सरकवलं. “लिहा तुम्ही. माझीच चूक.”

मला लिहिता आलं असतं. काम तिथेच संपलं असतं. आणि मी दमले होते. निष्काळजीपणा, सही, निवृत्तीच्या तोंडावरचा माणूस. असे अहवाल कुणी परत वाचत नाही.

पण आकडा जुळत होता. ओळ पुसली गेली असती तर एक कमी भरला असता. तपासणी बंद होती एवढ्यानेच ओळ जात नाही. दार उघडं होतं एवढंच कळतं. दारातून कुणालातरी जावं लागतं.

बाहेर बाकाशेजारी उभी राहून मी तो जाड अहवाल चाळत होते. ग्रंथालयातल्या दिवसांत आम्ही महिनोन् महिने एकच काम केलं होतं. पुस्तक चोरीला गेलं की मोजणीत कमी भरतं. पण काही पुस्तकं मोजणीत असतात आणि मागितली की मिळत नाहीत. ती कुणीतरी चुकीच्या फळीवर खोचलेली असतात. मालक असतो, छप्पर असतं, शिक्का असतो. फक्त जिथे शोधतात तिथे ती नसतात.

मी पुन्हा तात्याकडे गेले.

“मशीन एका वेळी एकच कप्पा उघडतं म्हणालात. सगळे कप्पे उघडायला लावता येतील? प्रत्येकात जाऊन बघायचं, की कप्प्यावर जो गट लिहिलाय तो सोडून दुसऱ्या गटाची ओळ आत बसलीय का.”

तात्या माझ्याकडे बघत राहिला. या वेळी नेमका माझ्याकडे.

“हे आम्ही का नाही केलं?” तो म्हणाला.

५

चोवीस कप्पे. एकेकाला दहा-बारा मिनिटं. तात्याने अक्षरं एवढी मोठी केली होती की पडद्यावर चारच ओळी मावत.

पहिला कप्पा, शून्य. दुसरा, शून्य. मी खिडकीशी खुर्ची घेतली. खाली एक माणूस सायकलच्या चाकात हवा भरत होता आणि दर थोड्या वेळाने थांबून कंबर धरत होता. सातव्या कप्प्यानंतर तात्या पाणी प्यायला. आठवा, शून्य.

नवव्याला एक आली.

“नवव्या कप्प्यात सतराव्या गटाची ओळ,” तात्या हळूच म्हणाला. त्याचा हात माउसवर तसाच राहिला.

नियमाने मी फोनवाल्या बाईंना बोलावून घेतलं. त्यांनी ओळ वाचली आणि मास्तरच्या कागदाशी ताडून पाहिली. दोनदा ताडली. मग भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

“हाच,” त्या म्हणाल्या. “म्हणजे, हीच. स्त्री आहे. सत्तावीस वर्षं.”

“बाकाकडे जाऊ नका अजून,” मी म्हटलं. “उरलेले कप्पे होऊ द्या.”

उरलेल्या पंधरांत काही निघालं नाही. साडेसहा लाखांत एकच ओळ भलतीकडे. प्रोग्राम चुकला असता तर शेकड्याने चुकला असता. एका ओळीपुरता तो चुकत नाही. तिथे हात लागतो. आणि ज्याचा हात लागला त्याला मोजणी बिघडू द्यायची नव्हती. किंवा ओळ पुसवत नव्हती.

मी अहवालातली वेगाची पानं काढली. आधीचे दहा शोध, त्यांचे सेकंद. नंतरचे दहा शोध, त्यांचे सेकंद. घड्याळबाईची नीटस मांडणी. आधीच्या यादीत तिसरा शोध मास्तरचा होता : एकोणचाळीस सेकंद, जुळणी एक. नंतरच्या यादीत तिसऱ्या जागी दुसराच पेशंट होता. नऊ तेच, एक बदललेला. सेकंदाचा भाग मोजणारी बाई आधी एक वस्तू आणि नंतर दुसरी वस्तू तोलून वेग सांगेल, हे मला पटेना. मास्तरचा शोध नव्या रचनेवर लावला तर शून्य येणार हे तिला ठाऊक होतं.

तिनेच केलं. पण का, ते कळत नव्हतं. मास्तर तिच्या ओळखीचा नाही, रुग्णालयाशी तिचं देणंघेणं नाही.

“ओळीत आणखी काय असतं?” मी फोनवाल्या बाईंना विचारलं.

“नाव नसतं. नावं माझ्याकडे वेगळी, कुलपात. जन्मतारीख, गट, आधी दान केलंय का. हिने केलंय, चार वर्षांपूर्वी. आणि तातडीचा संपर्क.”

“दाखवा.”

तात्याने अक्षरं पडदाभर मोठी केली. नातं : मोठी बहीण. खाली दहा आकडे.

मी माझा फोन उघडला आणि सकाळपासून लावलेले नंबर बघितले. तिथे एकच होता, आणि तो हाच होता.

६

घड्याळबाई शेजारच्या खोलीत वाट बघत बसली होती. मी दार लावून घेतलं आणि नवव्या कप्प्याचा कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो उलटा करून ठेवला.

“किती वाजता सापडली?” तिने विचारलं.

“चार दहाला.”

तिने मान हलवली, जणू तेवढाच वेळ लागेल असा तिचा अंदाज होता.

“वेग मोजत होते,” ती म्हणाली. “तिसरा शोध लावला. एकोणचाळीस सेकंद. पडद्यावर एक ओळ आली आणि त्यात माझाच फोन नंबर. मी परत परत वाचला.”

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

“आई-वडील गेले तेव्हा ती अकराची होती, मी वीसची. तिची फी, तिचे दात, तिचा ताप, सगळं मी बघितलंय. चार वर्षांपूर्वी तिला असाच फोन आला. हसत गेली. नंतर इन्फेक्शन झालं, अठरा दिवस रुग्णालयात. असं सहसा होत नाही म्हणाले डॉक्टर. पण माझ्या घरात झालं. आणि ज्याला दिलं तो माणूसही महिन्याभरात गेला. ते कळल्यावर ती वर्षभर नीट जेवली नाही. मी नाव काढून घे म्हटलं. काढलं म्हणाली. काढलं नव्हतं.”

“तिला नाही म्हणता आलं असतं.”

“ती नाही म्हणत नाही,” ती म्हणाली. “तोच तर प्रश्न आहे. तुम्ही तिला ओळखत नाही.”

“मग पुसून का नाही टाकलीत?”

पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. “मी डेटा पुसत नाही, मॅडम. दुसऱ्या टेबलात हलवली. वर्षभराने देखभालीला येणार होते, तेव्हा परत जागेवर ठेवणार होते. एक ओळही हरवली नाही.”

“बाहेर बाकावर एक बाई आहे,” मी म्हटलं. “तिच्यासाठी हरवली होती.”

“मी तिच्या समोरून तीनदा गेले आज.” ती हातांकडे बघत होती. “मला वाटलं होतं पेशंट म्हणजे एक नंबर असेल. तिने मला विचारलं, चहा घेणार का.”

मग ती रडली. आवाज न करता, कामातल्या माणसासारखी. मी खिडकीकडे बघत बसले. मला राग यायला हवा होता. माझ्या ताईच्या हातात असा कप्पा असता तर तिने मला कुठे लपवलं असतं, हा विचार डोक्यात येत होता आणि जात नव्हता.

“तुमची भीती खरी आहे,” मी शेवटी म्हटलं. “पण हो की नाही, हे तिचं होतं. ते तुम्ही तिला न विचारता उचलून ठेवलंत. आणि त्या म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, ते तुम्हाला माहीत होतं.”

“माहीत होतं,” ती म्हणाली.

फोनवाल्या बाईंनी आपल्या खोलीतून फोन लावला. आम्ही दोघी बाहेर उभ्या. दाराच्या काचेतून त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, फक्त मान हलताना दिसत होती. चार मिनिटं लागली. घड्याळबाईने मनगटाकडे एकदाही पाहिलं नाही.

बाई बाहेर आल्या.

“तिने दोनच प्रश्न विचारले,” त्या म्हणाल्या. “कधी यायचं, हा पहिला.”

“आणि दुसरा?” घड्याळबाईने विचारलं.

“तातडीचा संपर्क म्हणून जो नंबर आहे, तिथे आत्ताच कळवणं गरजेचं आहे का. म्हणाली, ताईला शेवटच्या दिवशी सांगेन. ती झोपणार नाही तोवर.”

घड्याळबाई भिंतीचा आधार घेत खाली जमिनीवरच बसली.

७

बुधवारी सकाळी तिने तात्याच्या शेजारी बसून ओळ नवव्या कप्प्यातून काढून सतराव्यात ठेवली. मग सगळ्या चोवीस कप्प्यांची तपासणी चालू ठेवून मोजणी केली. संध्याकाळ झाली, पण केली. एकूण आकडा तोच राहिला. मास्तरचा शोध लावला तेव्हा पाव सेकंदात एक आला.

गुरुवारी डॉक्टरांनी ठरवायचं ते ठरवलं.

अहवालात मी सगळं जसं घडलं तसं लिहिलं. तिचं कंत्राट गेलं आणि या खात्याची कामं तिला पुन्हा मिळणार नाहीत. तात्याला न वाचता सही केल्याबद्दल समज मिळाली, आणि मी एक ओळ जादा लिहिली : डोळ्यांच्या ऑपरेशनची रजा द्यावी, जागा राखून ठेवावी. डॉक्टरीणबाईंनी ती मान्य केली. जुनं टेबल घाईने काढल्याबद्दल त्यांच्याविषयी जे लिहिलं होतं, तेही त्यांनी खोडलं नाही.

सात आठवड्यांनी फोनवाल्या बाईंचा फोन आला. मास्तरच्या रक्तातले आकडे तेविसाव्या दिवशी वर यायला लागले होते. अजून पुष्कळ जायचं होतं, पण तो उशीला टेकून बसतोय आणि परिचारिकेच्या तक्त्यातल्या बेरजा तपासतोय, असं त्याच्या बायकोने सांगितलं म्हणे.

त्याच आठवड्यात माझ्या कार्यालयात एक मुलगी आली. जिना चढताना कंबरेवर हात होता. मी विचारायच्या आत ती म्हणाली, “ठीक आहे मी. थोडं दुखतं अजून. या वेळी काही झालं नाही.”

चेहरा मी ओळखला. केस घट्ट बांधलेले नव्हते एवढाच फरक.

“ताईचं काम का गेलं, ती सांगत नाही,” ती म्हणाली. “चूक झाली, एवढंच म्हणते. ताईकडून चूक होत नाही. फोनवाल्या बाई म्हणाल्या, तुम्हाला विचार.”

मी सांगावं की नाही, याचा विचार केला. मग वाटलं, हिच्यापासून लपवून ठेवायचं काम एकदा झालंय, आता मी कशाला करू? मी कोरा कागद घेतला, चोवीस चौकोन काढले, आणि तात्याने मला समजावलं होतं तसं तिला समजावलं. ती नीट ऐकत होती. मध्ये दोनदा थांबवून विचारलंही. शेवटी तिने नवव्या चौकोनावर बोट ठेवलं.

“म्हणजे मी इथे होते.”

“हो.”

“किती दिवस?”

“सोळा.”

“आणि तो माणूस इथे शोधत होता.” तिचं बोट सतराव्यावर आलं. डोळे भरले होते, पण जबडा आवळलेला.

“तिच्यावर फार कडक होऊ नकोस,” मी म्हटलं. हे बोलायचं माझं काम नव्हतं.

“नाही हो. मला तिच्यावर रागवायचंय. गेले सात आठवडे ती मला रागवू देत नाही. पाय चेपून देते, फळं कापून देते. कशाबद्दल रागवायचं, तेच कळत नव्हतं.” तिने कागदाकडे हात केला. “हा नेऊ?”

“ने.”

तिने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि टेबलाला धरून सावकाश उठली.

“आता घरी जाऊन भांडते,” ती म्हणाली.